देवासला उतरायचं आहे

इंदूरच्या मोटार अड्ड्यावर क्लीनर सांगेल की गाडी सुटायला अजून अर्धा तास आहे. त्याचं ऐकू नका. आधी आत शिरा आणि खिडकीची जागा धरा, कारण दोन मिनिटांत इतकी माणसं चढतील की कुणाचं तरी गाठोडं तुमच्या मांडीवर येईल आणि ते खाली ठेवायला जागा उरणार नाही. साल 1950, आश्विन महिना. टपाचा पत्रा असा तापलाय की डोकं वर टेकलं तर चटका बसतो. पेट्रोलचा वास, विडीचा धूर, शेजाऱ्याच्या पगडीतून झिरपणारं तेल आणि मागच्या बाकावर कुणीतरी खात असलेला भाजका भुट्टा. तुम्हाला भूक लागल्याचं आत्ता लक्षात येतं.

गाडी मुंबई–आग्रा रस्त्याला लागली की वारा येतो आणि वाऱ्यासोबत धूळ. रुमाल नाकाला लावा, पण बाहेर बघत राहा. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, तिच्यावर पुरुषभर ज्वारी, मधूनमधून कपाशी. माळवा म्हटल्यावर सोयाबीन शोधत असाल तर ते या मातीत अजून यायचं आहे. समोरच्या बाईला तुमच्या पायातल्या बुटांचं मोठं कुतूहल आहे. शेवटी ती विचारतेच, "कां जई रिया हो?"

"देवास."

"कुणाकडे?"

एक गवई आहेत, आजारी आहेत, एवढं तुम्ही सांगता. ती हातातल्या पोराला दुसऱ्या मांडीवर घेते आणि मान हलवते. आजारी माणसाकडे जाणाऱ्याला जास्त प्रश्न विचारायचे नसतात, हे तिला कळतं.

बावीस-तेवीस मैल संपायच्या आत टेकडी दिसू लागते. सपाट मुलखात एकटी उभी राहिलेली, माथ्यावर देवीची ठाणी. तीच खूण. उतरा.

देवास हे गाव एक, पण कालपरवापर्यंत इथे राज्यं दोन होती: पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती. म्हणून इथे बऱ्याच गोष्टी दोन-दोन आहेत आणि म्हणूनच बाजारात हिंदी आणि माळवी ऐकता ऐकता एकदम कानाशी लख्ख मराठी येते: "अहो, तोलून द्या, डोळ्यांनी नका मोजू." वळून बघाल तर नऊवारीतली एक आजी शेववाल्याला दटावते आहे. कढईत शेव पडताना होणारा चर्र आवाज, जिलबीच्या पाकाचा आंबूस-गोड वास, घोड्यांच्या लिदीचा वास, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, टांगेवाल्याचा चाबूक. पावशेर शेव घ्या, खात खात चला. या गल्ल्यांपैकीच एकीत म्हातारे गवई रजबअली खाँसाहेब राहतात. एखाद्या वाड्यातून फिरत येणारी तान ऐकू आली तर थांबावंसं वाटेल, पण आपल्याला पुढे जायचं आहे. जिथे गाणं बंद आहे त्या घरी.

दार उघडंच असतं. चपला-बूट बाहेर काढा, आवाज करू नका.

खोलीत खिडकीशी खाट आहे. खाटेवर 26 वर्षांचा एक तरुण आहे, उशीला टेकून. हाडं वर आलेली, डोळे मात्र जागे. औषधाचा उग्र वास आहे, तापवलेल्या दुधाचा आहे, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा आहे. कोपऱ्यात गवसणी घातलेले तंबोरे उभे आहेत. तिथून नजर काढणं तुम्हाला जड जाईल, कारण खाटेवरच्या माणसाला गाण्याची बंदी आहे. क्षयाने फुप्फुस पोखरलंय. डॉक्टरांनी सांगितलंय की गाऊ नका, जोरात बोलूही नका. शेजारच्या खोलीतून पावलं वाजतात, त्या त्याच्या पत्नी भानुमतीबाई. त्याही गाणाऱ्या, मुंबईत प्रोफेसर देवधरांच्या शाळेत शिकलेल्या. आता त्यांचा दिवस दूध, औषधं, ताप बघणं आणि घर चालवणं यात जातो.

हे कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकली. ते देवासला आले ती तारीख होती 30 जानेवारी 1948, म्हणजे दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या तो दिवस. पुढे एकवीस वर्षांनी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वेळी, ते एक मल्हार रचतील आणि त्याला गांधीजींचं नाव देतील. पण आत्ता ते कुणालाच ठाऊक नाही. आत्ता एवढंच ठाऊक आहे की सात-आठ वर्षांचा असल्यापासून मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन सभा थक्क करणारा हा मुलगा खाटेवर पडला आहे आणि छताकडे बघतो आहे.

त्यांना बोलायला लावू नका. खुर्ची ओढून बसा आणि ते करताहेत तेच करा: ऐका.

सुरुवातीला काहीच ऐकू येणार नाही. आपल्या कानांना सवय असते ती कुणीतरी समोर बसून ऐकवण्याची. डोळे मिटा. आधी रहाट. दोर ओला झाला की करकर वाढते, घागर वर आली की थांबते. मग कुणीतरी धुणं आपटतंय, त्याचा आणि भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाचा मिळून एक ठेका होतो. मग चिमणी. खिडकीच्या गजावर बसलेली ती मूठभर चिमणी किती वरच्या स्वरात ओरडते आहे, याकडे आयुष्यात पहिल्यांदा तुमचं लक्ष जातं. एवढ्याशा छातीतून एवढा टोकदार आवाज. ज्याच्या छातीत श्वास पुरत नाही तो माणूस हे किती बारकाईने ऐकत असेल, याचा विचार करा.

आणि मग बायका. दुपार कलली की त्या डोक्यावर भारे घेऊन खिडकीखालून जातात, गात. कुणासाठी म्हणून नाही. चालायचं आहे, ओझं आहे, म्हणून. स्वर मोजाल तर तीन, फार तर चार. त्याच त्या चार स्वरांत ती ओळ फिरते, दर फेरीला किंचित वेगळ्या जागी टेकते, आणि गल्लीच्या वळणावर सगळ्यांचा आवाज एकदम तुटतो. परवापर्यंत संध्याकाळी मुली भिंतीवर शेणाची संजा काढून तिची गाणी म्हणत होत्या, समोरच्या भिंतीवर अजून त्याचे ओले डाग आहेत. आपल्याकडे भोंडल्याला जमणाऱ्या पोरींचाच हा गलका, वेगळ्या बोलीतला. पहाटे जात्यावर वेगळी धून, लग्नाघरी वेगळी, बाळंतिणीच्या दाराशी वेगळी. भैरव, सारंग ही नावं यातल्या एकीनेही ऐकलेली नाहीत.

खाटेवरचा माणूस बोटांनी चादरीवर काहीतरी मोजतोय, ते बघा. जी धून आत्ता वळणावर तुटली ती त्याच्या डोक्यात तुटलेली नाही. या चार स्वरांच्या अलीकडे काय असेल, पलीकडे काय असेल, हा स्वर वरून आला तर कसा लागेल आणि खालून आला तर कसा, हे तो न गाता करून बघतोय. त्याचं म्हणणं असं होईल की राग हा पुस्तकातून येत नाही, तो अशा धुनांतून उगवतो. त्यातून जे राग तो उभे करील त्यांना तो नाव देईल: धुनउगम राग. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, अहिमोहिनी, मधसुरजा. 1965 साली ‘अनूपरागविलास’ या त्याच्या ग्रंथात लोक या रागांतल्या बंदिशी वाचतील, घोकतील, त्यांवर भांडतील. पण तुम्ही त्यांच्या जन्मखोलीत बसला आहात. इथे त्यांना औषधाचा वास आहे.

मला या खोलीत सगळ्यात जास्त हलवतं ते हे. या माणसाची सगळी कीर्ती थोरामोठ्यांचं गाणं उचलण्यावर उभी होती. आजाराने त्याच्यापुढून सगळे थोर हलवले आणि ज्यांना कुणी गवई मानत नाही अशी माणसं आणून ठेवली. तो त्यांच्यापुढे शिष्य म्हणून पडून राहिला. पाच-सहा वर्षं. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हा नवं असलेलं औषध मिळालं, तो वाचला, एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेलं. उरलेल्या श्वासात जे मावेल ते त्याने गायलं, आणि त्यात काय मावलं हे ऐकायला आपल्याला अजून तीन ठिकाणी जायचं आहे.

संध्याकाळी नाथपंथी योगी शीलनाथांच्या धुनीकडे चला. माळव्याची दुपार कितीही भाजो, सूर्य गेला की हवा अशी पालटते की अंगावर काही असतं तर बरं झालं असतं असं वाटेल. धुनीचा धूर डोळ्यांत जातो. राखेचा वास, चिलमीचा वास, घामट घोंगड्यांचा वास. गर्दी फार नाही, पण दाटीवाटी आहे. दिवसभर नांगर, टांगा, दुकान सांभाळून आलेली माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली आहेत. एकाच्या हाती एकतारी, एकाच्या हाती मंजिरी. एक नाथजोगी सुरू करतो.

हा आवाज तुम्ही ओळखीच्या कुठल्याही भजनात ऐकलेला नाही. यात आळवणी नाही, लाडिकपणा नाही, देवाकडे काही मागणं नाही. जोगी स्वर गात नाही, फेकतो. दूर, अंधारात, आणि तो कुठे पडतो हे बघायलाही थांबत नाही. शब्द कबीराचे किंवा गोरखनाथांच्या नावाचे. देह म्हणजे नगर, त्याला दारं, आत कुणी राहणारा, एक दिवस तो निघून जाणार. ऐकणारे शेतकरी माना डोलावतात, मध्येच एकजण शेजाऱ्याला विचारतो की तुमची म्हैस व्याली का. मरणाचं गाणं चालू आहे आणि म्हशीची चौकशीही चालू आहे, दोन्हीत कुणाला विसंगती वाटत नाही. मुंबईच्या मैफलीत हे चाललं नसतं. इथे ते शोभतं.

याच जोग्यांपैकी कुणी सकाळी भिक्षेला निघतो तेव्हा त्या खिडकीखालून जातो. खाटेवर पडलेल्या, स्वतःच्या मरणाचा अंदाज घेत असलेल्या माणसाच्या कानावर तो फेकलेला स्वर जातो. पुढे कुमारजी निर्गुणी भजनं गातील तेव्हा पुण्या-मुंबईचे श्रोते म्हणतील की एकदम पोकळी झाली, आजूबाजूला कुणी नाहीसं वाटलं. त्या पोकळीतला धूर तुमच्या कपड्यांना आत्ताच लागलाय. धुतलात तरी दोन दिवस जाणार नाही.

आता नवरात्रातली अष्टमी. दुपार डोक्यावर आहे आणि तुम्ही टेकडी चढताय.

हे सोपं नाही. अख्खा गाव आणि आजूबाजूची पन्नास खेडी एका वाटेवर आली आहेत. पायाखालचा दगड तापलाय, लोक अनवाणी आहेत, म्हणून तुम्हीही. नारळाच्या शेंड्या, झेंडूच्या पाकळ्या, सांडलेलं कुंकू यांचा पायाखाली चिखल झालाय. ढोल असा वाजतोय की बरगड्यांत कळतो. एका बाईच्या अंगात आलंय, तिचे केस तुमच्या तोंडावर येतात. मागून रेटा, पुढून रेटा. थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही.

आणि तुमच्या पुढे एक बकरी आहे. तांबूस, कान लोंबते, गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर कुंकू. नवस फेडायला आणलेली. दोर धरणारा माणूस तिच्याशी वाईट वागत नाही, उलट मध्येच थांबून ओंजळीतून पाणी पाजतो. ती पाणी पिते, मग मागे वळून बघते. तुम्ही तिच्या मागेच आहात म्हणून ती तुमच्याकडेच बघते असं वाटतं, पण ती तुमच्या पलीकडे, खाली गावाकडे बघते आहे. तिची कास दुधाने ताठ आहे. म्हणजे घरी पिल्लू आहे. ढोलाच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत ती ओरडते. गर्दीतल्या कुणालाच ते ऐकू येत नाही, कारण सगळे देवीचा जयजयकार करताहेत आणि तेही तितकंच मनापासून करताहेत.

वरपर्यंत जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी कडेच्या कातळाशी थांबेन. रक्ताचा वास वाऱ्याने इथपर्यंत येतोच.

मधसुरजा या माध्यान्हीच्या रागात कुमारजींची एक बंदिश आहे, ती या बकरीची आहे. बळी द्यायला नेलेली बकरी देवीला विनवते की आई, मला वाचव, घरी माझं लेकरू माझ्याविना एकटं आहे. जिच्यासाठी सुरी उचलली जाणार तिलाच ती आई म्हणते, कारण दुसरं कुणाला म्हणणार? ख्यालाच्या बंदिशीत आपण शतकानुशतकं सासू-नणंदेचा जाच ऐकला, कृष्णाची वाट पाहिली, परदेशी गेलेल्या प्रियकरासाठी झुरलो. त्याच चार-सहा ओळींच्या साच्यात इथे एका मुक्या जनावराचं आईपण येऊन बसलंय. तिच्यावर दया दाखवणारी ही बंदिश नाही, बोलतेय ती स्वतः. म्हणूनच ती इतकी खोल लागते. आपल्या बंदिशींत कुमारजी स्वतःची मुद्रा घालतात तीही लक्षात ठेवण्यासारखी: ‘शोक’.

टेकडी उतरता उतरता वर्षं ओलांडा. साठीचं दशक संपत आलंय, मुंबई आहे, दादरच्या बाजूचा एक हॉल, रविवार सकाळ. पंखे फिरताहेत आणि काही उपयोग होत नाहीये. परीटघडीच्या कपड्यांचा वास, गजऱ्यातल्या मोगऱ्याचा, कुणाच्या तरी अत्तराचा, आणि मागच्या दारातून तळणीचा. खुर्च्या भरल्या, मग सतरंजी भरली, आता लोक भिंतीला टेकून उभे आहेत. गाणं सुरू झालेलं नाही. कुमारजी तंबोरे लावताहेत, पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. जवारीचा दोरा सूतभर इकडे, सूतभर तिकडे. कुणी खोकत नाही. आणि मग दोन्ही तंबोरे एकमेकांत मिसळतात तेव्हा हॉलभर असा काही नाद पसरतो की पंखे बंद पडल्यासारखे वाटतात. मागे त्यांच्या दुसऱ्या पत्नी वसुंधराताई, तबल्यावर वसंतराव आचरेकर.

गाणं लांब श्वासाचं नाही. तुकडा येतो, थांबतो. मध्ये मोकळी जागा. मग अचानक तारषड्ज, खालून न चढता, थेट, टोकदार. शेजारचे गृहस्थ दचकतात. तुम्ही दचकत नाही, कारण खिडकीच्या गजावरची ती चिमणी तुम्ही ऐकली आहे. माध्यान्ह होत आलीये. मधसुरजा सुरू होतो आणि दुसऱ्याच आवर्तनात तुमच्या तळपायांना तापलेला दगड लागतो.

मध्यंतरात बाहेर चहाशी झुंबड उडते. वाफाळती किटली, बशा, बटाटेवडे, आणि तावातावाने बोलणारी माणसं. काळी टोपी, धोतर, हातात छत्री असे एक गृहस्थ तुमच्यापाशीच उभे आहेत, आयुष्य किराणा घराण्याचं गाणं ऐकण्यात गेलेलं.

"विलंबित कुठे आहे हो? रागाला बसू तरी द्या. आणि बकरी? ख्यालात बकरी? उद्या म्हैस आणतील."

"आणू द्या की," तिशीतल्या एक बाई म्हणतात. त्यांचे डोळे अजून लाल आहेत. "मी दोन लेकरं आईकडे ठेवून कामावर जाते, काका. मला नाही ती बकरी परकी वाटली."

"तसं नव्हे, बाई. दुःख खरं आहे, मी कुठे नाही म्हणतो. पण राग हा राग असतो. त्याला शास्त्र असतं."

"मग त्यांनी शास्त्र मोडलं कुठे, ते दाखवा."

दोघांचंही मनापासून चाललंय. काकांनी ज्या गाण्यावर आयुष्यभर प्रेम केलं त्याची त्यांना काळजी आहे, आणि ही काळजी खोटी नाही. तेवढ्यात तुमच्या तोंडून निघून जातं, "ती बकरी मी पाहिलीय. अष्टमीला, देवासच्या टेकडीवर. तांबूस होती. ओरडली तेव्हा मी मागेच होतो."

दोघंही तुमच्याकडे वळतात. आणखी तीन-चार माणसं कप हातात धरून जवळ येतात. काका छत्री काखेत मारतात, टोपी मागे सरकवतात, बशी खाली ठेवतात आणि एकदम वेगळ्याच, विद्यार्थ्याच्या उत्सुकतेने विचारतात, "थांबा, थांबा. कुठल्या स्वरावर ओरडली?"